थंडीतली पाणपोई

आमच्या ब्लॉकमधली माणसं आजही सांगतात की त्या वर्षी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. जानेवारीचं धुकं, समोरचा विजेचा खांब दिसत नाही, आणि हा मफलर गुंडाळून बस स्टॉपच्या मागे मडकी मांडून बसलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी घ्या म्हणतोय. सांगू देत. डोकं माझं जागेवर होतं. मी तिथे का बसलो होतो हे मला तेव्हा कुणाला सांगायचं नव्हतं. जिच्यासाठी लपवायचं होतं तिनेच पुढे ते उघड केलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. साताऱ्याकडच्या एका साहेबांबरोबर घरकामाला म्हणून दिल्लीला आलो, त्यांनी मंत्रालयात चपराशी म्हणून चिकटवलं, दफ्तरी म्हणून रिटायर झालो. मुलगा मात्र शिकला, सेक्शन ऑफिसर झाला, आणि त्याला आर. के. पुरमला तळमजल्यावरचा क्वार्टर मिळाला. मी त्याच्याकडे राहतो असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ते माझ्याबरोबर राहतात.

जवानीत मला टीबी झाला होता. तेव्हा आमचं बिऱ्हाड करोल बागेत, एका खोलीत. एक्स-रे हिंदूरावला काढला. आपल्या मराठी माणसाच्या नावाचं इस्पितळ आहे, इथे आपल्याला काही होणार नाही, असं मी बायकोला सांगितलं होतं. ती माझ्यापेक्षा शहाणी, काही बोलली नाही. औषध म्हणजे सुया आणि कडू पुड्या, वर्षभराच्या वर चाललं. टीबीच्या दवाखान्यातून एक बाई सायकलवरून यायच्या, मी औषध घेतो की नाही ते बघायला. गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. गिळल्यावर म्हणायच्या, मुंह खोलो, जीभ उठाओ. त्या बाई नसत्या तर मी आज नसतो, यात शंका नाही. पण त्यांचा आवाज मोठा होता. गल्लीच्या तोंडाशी सायकल लावून तिथूनच विचारायच्या, टीबीवाला घर पे है क्या. त्यानंतर त्या गल्लीत आमच्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. बायको मंगळागौरीला बायका बोलवायची, एकही यायची नाही. या दोन्ही गोष्टी मी विसरलो नाही. बाईंनी वाचवलं तेही, आणि दारावरचा आवाजही.

रिटायर झाल्यावर कधीतरी खोकला झाला म्हणून आमच्या सेक्टरच्या दवाखान्यात गेलो होतो. टीबीचं काही नव्हतं, साधा खोकला. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुनं दुखणं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, आता औषध बदललं आहे. एक दिवसाआड मूठभर गोळ्या, सहा महिन्यांत माणूस बरा. फक्त त्या कुणाच्यातरी समोर गिळायच्या. पेशंटला दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तो गोळ्या सोडतो, मग दुखणं उलटतं. म्हणून वस्तीतलाच माणूस हवा, जो समोर बसवून गिळायला लावेल. कुणी पानवाला, कुणी मास्तर, कुणी अंगणवाडीवाली. तुमच्याकडे कुणी आहे का असं आम्ही मार्केटच्या आसपास विचारलं, तर सगळे चांगलं काम आहे म्हणाले आणि कामाला कुणी आलं नाही.

मी म्हटलं, मी आहे.

त्यांनी माझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, गिळताना माणसाकडे बघायला किती शिकावं लागतं? त्या हसल्या आणि डबा दाखवला. प्रत्येक पेशंटचा वेगळा डबा, त्यात पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सगळं. एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही. मला ते आवडलं. सरकारी कामात माणसाच्या नावाने काहीतरी राखून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

माझ्याकडे दोन-तीन पेशंट आले. मी त्यांना सकाळी आमच्या मागच्या अंगणात, तुळशीजवळ स्टुलावर बसवायचो. गोळ्या, पाणी, आणि नंतर जीभ वर. सूनबाईने पहिल्या दिवशी कपाटात डबे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. घरात लहान मूल आहे बाबा, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गोळ्यांच्या डब्यातून टीबी होत नाही. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पण माणसांतून होतो. तिचं बरोबर होतं. म्हणून माणसं अंगणातच, घरात कुणी नाही, हे मी मान्य केलं. माझ्याकडून एवढं मान्य करून घेणारी ती पहिलीच.

मग जूनच्या सुरुवातीला ती बाई आली. बिहारकडची, तिशीच्या आतबाहेरची, आमच्याच ब्लॉकमध्ये तीन घरी स्वयंपाकाचं काम करायची. नवरा गावाकडे राहिलेला, मुलगी इथे हिच्याजवळ. मी तिला रोज जिन्यात बघत होतो. डॉक्टरीणबाईंनी तिचा डबा माझ्या हातात दिला आणि ती मागे उभी राहून पदराचं टोक चावत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबूजी, ऊपर किसी को पता चला तो तीनों घर गए. फिर दवा किसके लिए खाऊँगी?"

स्वयंपाकाची बाई आणि टीबी. तिने चूक काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला सुरुवातीचे दोन आठवडे कामावर न जाता गावी जाते म्हणून घरीच राहायला लावलं. पुढे औषध लागू पडलं की दुसऱ्याला धोका राहत नाही, मग जा, म्हणाल्या. तेवढे आठवडे ती आमच्या मागच्या बाजूने, भिंतीच्या खिंडारातून यायची. पुढे पुढे काही गोळ्या घरी न्यायला देतात, त्या तिला नकोच होत्या. झुग्गीत, म्हणजे झोपडपट्टीत, एका खोलीत दीर-जाऊ, तिथे काही लपत नाही. म्हणजे शेवटपर्यंत तिची प्रत्येक गोळी माझ्यासमोरच जाणार होती. मी तिला शब्द दिला की ही गोष्ट माझ्या तोंडून जाणार नाही आणि डबा संपल्याशिवाय मी तिला सोडणारही नाही.

या दोन गोष्टी एकाच वेळी करणं किती कठीण आहे ते ती कामावर परतल्याबरोबर कळलं. तळमजल्यावर कुणीतरी खोकत येतं, हे ब्लॉकच्या कमिटीपर्यंत गेलं. कमिटीचे सेक्रेटरी हरियाणाकडचे, कुठल्याशा खात्यात हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीला सर्क्युलर काढायची सवय. रविवारी मीटिंग झाली. सरकारी क्वार्टरमध्ये दवाखाना चालवता येत नाही, बाहेरचे रोगी ब्लॉकमध्ये येता कामा नयेत, नाहीतर वर तक्रार जाईल. तक्रार माझ्या नावाने जाणार नव्हती, क्वार्टर मुलाच्या नावावर.

मुलगा रात्री जेवताना माझ्याकडे न बघता बोलत होता. बाबा, तुम्ही चांगलं काम करता, बिल्कुल मान्य. पण यार, मला इथे नोकरी करायची आहे. बापाला यार म्हणतो, दिल्लीत वाढलेली पोरं अशीच. मी विचारलं, कमिटीची हद्द कुठपर्यंत? तो म्हणाला, गेटपर्यंत. मी म्हटलं, अच्छा, मग मी गेटबाहेर बसतो.

गेटच्या बाहेर बस स्टॉप आहे, त्याच्या मागे कडुनिंबाचं मोठं झाड. मी दुसऱ्या दिवशी पिशवीत डबे घालून तिथे जाऊन बसलो. बाकीचे पेशंट आले, गिळून गेले. तिने लांबून बघितलं आणि सरळ गेटात शिरली. उघड्यावर, बसला उभ्या असलेल्या वीस माणसांसमोर ती गोळ्या कशी घेणार? संध्याकाळी झाडू मारणारीच्या हातून निरोप पाठवला की येत नाही. चिडली होती. म्हणजे मी कमिटीपुढे ताठ राहिलो आणि ज्या एका बाईला लपवायचं वचन दिलं होतं, तिलाच रस्त्यावर आणून बसवलं.

त्या दिवशी झाडाखाली बसलो असताना एक ऑटोवाला गाडी थांबवून पाणी मागू लागला. लू, म्हणजे उन्हाळ्याचा भाजणारा वारा, चालू होती. माझ्याकडे पेशंटसाठी आणलेली बाटली होती, ती मी त्याच्या ओंजळीत ओतली. त्याच्या मागून दुसरा आला, मग बसची वाट बघणारा एक म्हातारा. तिघांनी ओंजळ धरली, प्याले, तोंड पुसलं, गेले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाणी पिणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. तेव्हा मला सुचलं.

दिल्लीत उन्हाळ्यात प्याऊ बसवायची पद्धत आहे. आपल्याकडची पाणपोईच, पण इथे नुसतं पाणी देत नाहीत, आधी तळहातावर गूळ-फुटाणे ठेवतात आणि मग लांब नळीच्या झारीतून ओंजळीत धार सोडतात. गूळ-फुटाण्यांच्या मुठीत काय काय आहे, ते देणाऱ्याला आणि खाणाऱ्यालाच ठाऊक. भांडं लागत नाही, उष्ट्याचा प्रश्न नाही, आणि रिकाम्या पोटी गोळ्यांनी मळमळतं त्यालाही तोड निघाली.

मी सेक्रेटरीकडेच गेलो. म्हटलं, साहेब, मला घरात बसवत नाही, गेटबाहेर प्याऊ लावतो. त्याला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याने दोन मडकी आणि लाकडी स्टँड स्वतः दिला, आणि स्टँडच्या फळीवर आपल्या गेलेल्या आईसाठी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, पूज्य माताजी की पुण्यस्मृति में. पहिल्या दिवशी नारळ फोडला, मला हार घातला. हार मी घालून घेतला. गळ्यात हार आणि पायाशी पिशवीत टीबीचे डबे. मुलगा मागे उभा राहून कपाळाला हात लावत होता, सून तोंडाला पदर लावून हसत होती.

झाडूवालीकडून मी उलट निरोप पाठवला, प्याऊ बघून जा म्हणावं. ती आली. रांगेत दोन माणसं पुढे, एक मागे. मी तिच्या हातावर फुटाणे ठेवले, गुळाचा खडा ठेवला. तिने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मूठ तोंडात टाकून ओंजळ धरली. जीभ वर कर म्हणायची सोय नव्हती. पण पाणी पिताना माणूस मान मागे टाकतो, तेव्हा घशाकडे बघितलं की कळतं.

तरी एकदा ती गायब झालीच. मला कारण कळेना. सकाळी जिन्यात दिसायची आणि प्याऊकडे न बघता जायची. सूनबाईला शेवटी मीच सांगितलं, विचार तिला. सून विचारून आली आणि मलाच ओरडली. या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं रक्त जातंय. डॉक्टरीणबाईंनी सांगायला मला सांगितलं होतं, खरं आहे. पण परक्या बाईमाणसाला बस स्टॉपवर मी हे कसं सांगणार होतो? मला अजूनही वाटतं की ते माझं काम नव्हतं. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला घशात बघता येतं, आणि एवढं सांगता येत नाही?" त्या दिवसापासून बायकांचं सगळं सांगायचं काम सुनेने घेतलं. डबेही तिनेच कपाटात वरच्या फळीवर नीट लावले.

पाऊस आला, गेला. बाकीचे पेशंट एकेक करून सुटले. हिची थुंकी मधल्या तपासणीत साफ निघाली नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी जोराच्या गोळ्या आणखी महिनाभर वाढवल्या. म्हणजे जे दिवाळीनंतर संपायचं ते जानेवारीवर गेलं. आणि दिल्लीची थंडी ज्याने बघितली आहे त्याला सांगायला नको की प्याऊ म्हणजे उन्हाळ्याची गोष्ट. दिवाळी झाली की शहरातल्या सगळ्या प्याऊंची मडकी पालथी पडतात. माझीच दोन उभी.

आता पंचाईत अशी की पाणी प्यायला कुणी येईना. आणि कुणीच येत नसताना ती एकटी दिवसाआड येऊन पाणी पिऊ लागली, तर आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणून मी माणसं जमवू लागलो. सून पहाटे केटलभर पाणी तापवून द्यायची, मी ते कोमट करून ठेवायचो. बसच्या कंडक्टरला म्हणायचो, गला सेंक लो. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आयांना गूळ-फुटाणे. काहीजण दया म्हणून प्यायचे, काही गुळासाठी यायचे, काही माझी टिंगल करायला. टिंगल करणाराही ओंजळ धरतो, मला तेवढंच हवं होतं. बाबाजी, स्वेटर भी पहना दो मटकों को, असं एक कॉलेजचा मुलगा म्हणाला. सूनबाईने ऐकलं आणि खरंच जुन्या स्वेटराच्या बाह्या कापून मडक्यांना चढवल्या.

सेक्रेटरी एक दिवस येऊन समोर उभा राहिला. हात कोटाच्या खिशात.

"ताऊजी, ठंड में पानी कौन पीता है?"

"जिसे प्यास लगती है."

तो म्हणाला, लोक हसतात, कमिटीवर हसतात, आता होळीला परत लावू. मी फळीवरच्या अक्षरांकडे बोट केलं आणि म्हटलं, माताजींची पुण्याई मोसम बघून असते का, तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल तर आत्ता मडकी पालथी करतो, पण तुमच्या हाताने करा. त्याने हात खिशातून काढले. मग एक ओंजळ प्याला आणि गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिच्या डब्यात आता थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या. गालावर मांस आलं होतं, जिना चढताना थांबत नव्हती. असं वाटलं की गेलं, पार पडलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की बसचे दिवे आधी दिसायचे आणि मग बस. स्टॉपवर कुणी नव्हतं. ती आली, मी मुठीत फुटाणे आणि गोळ्या ठेवल्या. गूळ संपला होता, फुटाणे थोडेच, गोळ्या वर दिसत होत्या. आणि धुक्यातून तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम बाहेर आल्या. तिच्या तीन घरांत या मॅडमचं घर सगळ्यात जुनं. मॅडम मोठ्या हुद्द्यावर होत्या, एरवी एवढ्या सकाळी खाली येत नसत. त्या दिवशी त्यांची आजारी आई गावाहून गाडीने येणार होती, तिला आणायला त्या ऑटो शोधत होत्या.

त्यांनी तिला ओळखलं. मग तिच्या हाताकडे बघितलं.

"ये क्या खा रही हो?"

मी लगेच म्हटलं, माझ्या ताकदीच्या गोळ्या आहेत मॅडम, हिला थकवा आहे म्हणून दिल्या. माझं खोटं तयार होतं, महिनोन्महिने तयार होतं. तिने मूठ मिटली असती, पदरात टाकली असती, तर त्या सकाळचा डोस चुकला असता आणि बाकी सगळं वाचलं असतं. एक डोस नंतर भरून काढता येतो, हे तिलाही माहीत होतं.

तिने मूठ तोंडात टाकली. माझ्याकडे ओंजळ केली. मी धार सोडली, अर्धं पाणी तिच्या मनगटावरून स्वेटरात गेलं. गिळून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "टीबी की दवा है, मैडम. अब खत्म होने को है."

मॅडमनी शाल नाकावर ओढली आणि दोन पावलं मागे गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. आजारी आई घरी येत होती, माणूस घाबरतो. ऑटो आली, त्या बसून गेल्या. मी तिला विचारलं, का सांगितलंस? ती म्हणाली, "महीनों से चने में छुपा के खा रही हूँ, बाबूजी. चोरी का माल है क्या?" आणि गेटात शिरून कामावर गेली.

दुपारपर्यंत तिन्ही घरांनी तिला नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात रंगाचा डबा आणि ब्रश. माझ्या आईच्या नावाखाली तुम्ही हे केलंत, असं तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मी म्हटलं, तुमच्या आईच्या नावाने माणूस बरा झाला, यापेक्षा तिला आणखी काय हवं होतं ते सांगा. उकिडवा बसला आणि पांढऱ्या रंगाने फळीवरची अक्षरं पुसून टाकली, नीट, कडेपर्यंत. मडक्यांना हात लावला नाही. ते त्याला करता आलं असतं आणि त्याने केलं नाही, हेही मी इथे लिहून ठेवतो.

घरी मुलगा म्हणाला, बाबा, आता चलो, झालं, बंद करा. मी म्हटलं, डबा संपलेला नाही. तो म्हणाला, ती आता या बाजूला कशाला येईल, तिचं इथे काम काय? खरंच, तिचं इथे काय उरलं होतं? बरं वाटत होतं, कामं गेली होती, लपवायचंही काही नव्हतं आणि टिकवायचंही. अशाच वेळी माणसं गोळ्या सोडतात. मी शब्द दिला होता की डबा संपल्याशिवाय सोडणार नाही, पण ती आलीच नाही तर सोडणार नाही म्हणजे काय करणार होतो? झुग्गीत जाऊन गल्लीच्या तोंडाशी ओरडणार होतो?

पुढच्या डोसचा दिवस आला. मी नेहमीपेक्षा लवकर जाऊन बसलो. सून केटल घेऊन आली आणि परत गेली नाही, शाल लपेटून स्टँडला टेकून उभी राहिली. कुणीही पाणी प्यायला आलं नाही. बातमी सगळीकडे गेली होती, आयांनी मुलांना स्टॉपच्या दुसऱ्या टोकाला ओढून धरलं होतं. शाळेची बस येऊन गेली. ऑफिसवाल्यांची बस येऊन गेली. ऊन पडलं, पिवळट, नावापुरतं.

मग ती आली. मुलीचा हात धरून, गेटाकडून नव्हे, मोठ्या रस्त्याकडून चालत. तोंड असं की मला वाटलं आता चार शिव्या घालते. स्टॉपवर माणसं होती. ती सरळ पुढे आली. मी फुटाण्यांच्या डब्यात हात घातला तर तिने हात मागे घेतला.

"चना मत दो. गोली दो."

मी पट्टी फाडली आणि नुसत्या गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. सगळ्यांसमोर तिने त्या एकेक करून घेतल्या, पूर्वी घाईत मूठभर टाकायची तशा नाही. मी पाणी देत राहिलो. शेवटची गेल्यावर तिने न सांगता तोंड उघडलं आणि जीभ वर केली. स्टॉपवरचा कंडक्टर हसला, मीही हसलो, ती नाही हसली. सुनेने विचारलं, आमच्याकडे पोळ्यांना येशील का? ती म्हणाली, दीदी, तुम्ही दयेने विचारताय, तुम्ही तर स्वतः पोळ्या करता. पुढच्या सेक्टरात घरं बघते आहे, दारातच सांगते की टीबी होती, दवा पुरी होत आली आहे. काही दार लावतात. एकीने लावलं नाही.

डबा संपला. थुंकी साफ आली. डॉक्टरीणबाईंनी तिला बरी झालीस म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिथे बाकावर होतो. बाहेर आल्यावर मला वाटलं ती घरी जाईल. ती म्हणाली, बाबूजी, तुमच्या ब्लॉकपर्यंत येते. गेटातून माझ्याबरोबर आत शिरली, माझ्या दारापाशी थांबली नाही, सरळ जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यापर्यंत. मी खाली कठड्याला धरून उभा. बेल वाजलेली ऐकली, दार उघडलेलं ऐकलं, मग बायकांचा हळू आवाज, बराच वेळ. मॅडमना आईमुळे धड स्वयंपाकीण मिळत नव्हती, दोन आल्या आणि दोन गेल्या, हे साऱ्या ब्लॉकला माहीत होतं, झाडूवालीकडून तिलाही.

ती उतरून आली. धाप लागलेली नव्हती, ते मी आधी बघितलं.

"बुला रही थीं," ती म्हणाली. "कल से."

"मग? जाणार?"

"मना कर दिया."

मी म्हटलं, नाहीच म्हणायचं होतं तर तीन मजले चढलीस कशाला?

"मना करने," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेटाकडे गेली.